कुलूपवाल्याच्या सोबतीला

१२ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र हातात पडल्यावर आधी घाबरून घेऊ नकोस, शेवटपर्यंत वाच. यांना काल हॉस्पिटलमधून घरी आणलं. जीवाला धोका नाही. फोन आम्हीच बंद करून ठेवलाय, कारण त्यावर अनोळखी माणसं नको नको ते बोलत होती. म्हणून हे पत्र. शाळेत असताना तू मला वसतिगृहातून पत्रं लिहायचास आणि माझी उत्तरं लाल पेनने तपासून परत पाठवायचास, तसं या वेळी करू नकोस म्हणजे झालं.

चिऊला मी घाईघाईने तुझ्याकडे बसमध्ये बसवून दिलं. बापाचा हात मोडलाय एवढंच तिने तुला सांगितलं असेल, कारण तेवढंच सांग म्हणून मीच तिला बजावलं होतं. आता सगळं सरळ सांगते.

आमच्या गल्लीच्या टोकाला औषधांचं गोदाम आहे, त्याचं कुलूप यांनीच बसवलेलं. इथल्या टोळीला त्या कुलपाची दुसरी किल्ली हवी होती. टोळीचा म्होरक्या, ज्याला सगळे शेठ म्हणतात, तो स्वतः दुकानात येऊन गोड बोलून गेला. यांनी नाही म्हटलं. पुन्हा आला, पुन्हा नाही म्हटलं. मग तो त्याच्या एका पोराला घेऊन आला. लंबू म्हणतात त्याला, ताडमाड वाढलेला आहे. लंबूने यांचा उजवा हात दुकानाच्या उंबऱ्यावर दाबून धरला आणि शेठने वरून शटर खेचलं. भर दुपारी, दादा. समोरच्या न्हाव्याने आरडाओरडा केला म्हणून एकदाच खेचलं.

पोलिसांनी लंबूला पकडलंय. शेठ तिथे नव्हताच असं त्याची माणसं सांगतात, म्हणून तो मोकळा फिरतोय.

हातात पट्ट्या आणि स्क्रू घातलेत. हे म्हणतात, आता हार्डवेअरचं दुकान अंगावरच घेऊन फिरायचं. तेवढं बोलून भिंतीकडे तोंड करून पडलेत.

एक गोष्ट चांगली झाली. ऑपरेशन चालू होतं तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसले होते, पायात दोन वेगवेगळ्या चपला. एक जाडजूड बाई शेजारी येऊन बसल्या. पूर्वी अँब्युलन्स चालवायच्या, आता रिटायर झाल्यात, सगळे त्यांना ड्रायव्हरबाई म्हणतात. टोळ्यांच्या मारामारीत सापडलेल्या माणसांना मदत करणारी मंडळी आहेत, त्यातल्या त्या. त्यांनी धीर वगैरे दिला नाही. पोलिसांना जबाब देताना तू एकटी बसू नकोस, मी बसते, एवढं म्हणाल्या आणि खरंच बसल्या. मी रडायला लागले की त्या हवालदाराला थांबायला सांगायच्या, आणि तो थांबायचा.

आमची काळजी करू नकोस हे म्हणणं वेडेपणाचं आहे, तरी म्हणते. आम्ही ठीक होऊ. चिऊला जरा मायेने घे. लोभ आहेच, तो पोरीकडेही थोडा वळव.

तुझी,
भिंगरी


२० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र छापखान्यात मिळालं. यंत्राच्या खडखडाटात उभ्या उभ्या वाचलं आणि तसाच घरी आलो. छापखान्याचा फोरमन कामाच्या वेळेत घरी आला म्हणून तुझ्या वहिनीला वाटलं, मलाच काही झालं.

लाल पेन खिशात होतं, पण काढलं नाही. आता माझं ऐक. दुकान विका, मिळेल त्याला द्या, आणि इकडे निघून या. मालकांशी बोललो आहे. बांधणी खात्यात बसून करायचं काम आहे, एका हाताने सुरुवात करता येईल. वरची खोली रिकामी आहे. आमच्या मेहुण्यांना सांग की शौर्य दाखवून झालं, आता शहाणपण दाखवा.

त्या ड्रायव्हरबाई कोण, कुठल्या, त्यांना यातून काय मिळतं, याची चौकशी केलीस का? रडणाऱ्या बाईशेजारी येऊन बसणारी माणसं सगळीच चांगली नसतात. तू लहानपणापासून कुणाच्याही मागे भिरभिरत जातेस, म्हणून तर तुझं नाव भिंगरी पडलं.

चिऊबद्दल लपवत नाही. कॉलेजात जाते, येते, पानावर बसते आणि उठते. संध्याकाळपासून दाराची कडी तपासत राहते. लावलेली आहे हे दिसत असतं, तरी उठून हात लावून बघते. मी तिला एकदा रागावलो, की अगं कडी काही पळून जात नाही. त्यावर ती जे रडली, ते थांबवताना वहिनीची पुरेवाट झाली. तेव्हापासून मी गप्प आहे आणि ती कडीला हात लावतेच आहे.

वहिनी म्हणते, रागावून लिहू नका. मी रागावलेलो नाही, मला भीती वाटते आहे. ताबडतोब निघा. आशीर्वाद आहेतच, पण नुसते आशीर्वाद पुरत नाहीत म्हणून हट्ट करतो आहे.

तुझा,
दादा


८ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही निघत नाही. हे पहिल्या ओळीतच लिहिते, म्हणजे तुला शोधत बसायला नको.

ड्रायव्हरबाईंची चौकशी केली. त्यांचा भाऊ दोन टोळ्यांच्या गोळीबारात गेला. कुठल्याच टोळीचा नव्हता, पाव आणायला बाहेर पडला होता. त्यानंतर अशाच घरांतली माणसं एकेक करून जमली. लाँड्रीच्या वर एक खोली आहे, तिथे सोमवारी बसतात. खाली इस्त्र्या चालू असतात, त्यामुळे खोलीत कायम गरम कपड्यांचा वास आणि वाफ. एक वकीलबाई आहेत, एक समुपदेशक आहे, तो पोरगेलासा दिसतो पण ऐकून फार छान घेतो. बाकी आमच्यासारखेच. कुणाला कोर्टात जायचं असेल तर दोघं सोबतीला जातात. कुणाला घराबाहेर पडवत नसेल तर कुणीतरी त्याच्या घरी जाऊन बसतं. याला ते पाळी लावणं म्हणतात. तुला यातून त्यांना काय मिळतं हे विचारायचं होतं ना, ते मीही विचारलं. बाई म्हणाल्या, मग रात्री आपल्याला झोप लागते.

यांना घराबाहेर काढणं मात्र कठीण गेलं. दाढी वाढली होती, खिडकीपाशीही जात नव्हते. मग समोरचा न्हावी आला, हत्यारं घेऊन. तोही आता त्या मंडळींत जातो. त्याने यांची दाढी केली आणि करता करता सांगितलं की त्या दिवसापासून त्याचा वस्तरा धरलेला हात कापतो, शटरचा आवाज कानातून जात नाही. यांनी डोळे उघडून विचारलं, की मग माझ्या गळ्यावर का चालवतोयस. दोघं इतके हसले की मी भांडी तशीच टाकून बाहेर आले. पुढच्या सोमवारी हे त्याच्याबरोबर गेले.

आता वाईट ते. काल मीही गेले. कोपऱ्यात एक वाळलेली बाई बसली होती, शिवणकाम करणारी. ओळख करून देताना तिने सांगितलं की तिचा धाकटा मुलगा गेल्या वर्षी चाकूने मारला गेला आणि थोरला आता तुरुंगात आहे. दादा, तो थोरला म्हणजे लंबू. मी उठले आणि जिना उतरले. बाई माझ्यामागे आल्या. मी त्यांना म्हटलं, एक तर ती या खोलीत बसेल, नाही तर मी. त्या म्हणाल्या की ती माझ्या आधीपासून येते, धाकटा गेल्यापासून, आणि त्या तिला जा म्हणणार नाहीत. मलाही म्हणणार नाहीत. हवं तर आमचे वार वेगळे करतील. मी तशीच घरी आले. अजून डोकं तापलेलं आहे.

चिऊचं मी समुपदेशकाला सांगितलं. तो म्हणाला, तिला अडवू नका. झोपायच्या आधी मामांनी तिच्याबरोबर जाऊन कडी एकदा नीट बघावी, दोघांनी मोठ्याने म्हणावं की लावलेली आहे, आणि मग दुसऱ्या विषयावर बोलावं. करून बघशील? तुझा विश्वास नसला तरी कर.

वहिनीला नमस्कार. आमच्यावर माया कर आणि थोडा विश्वासही टाक, एवढंच मागणं.

तुझी,
भिंगरी


१९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

मी तुला सांगितलं होतं, हे वाक्य लिहिण्याचा मोह आवरत नाही. ज्या पोराने मेहुण्यांचा हात धरून ठेवला त्याच्या आईबरोबर तुम्हाला एका खोलीत बसवतात, आणि याला मदत म्हणतात. माझा तर वाचताना संताप झाला. तू जिना उतरलीस ते बरोबर केलंस. आता तसंच पुढे स्टँडपर्यंत चालत जा आणि बस पकड.

हे लिहून झालं. आता दुसरं लिहितो आणि ते लिहिताना मला जरा कमीपणा वाटतो आहे. कडीचं करून बघितलं. पहिल्या दिवशी मी आणि चिऊ दारासमोर उभे राहून, कडी लावलेली आहे, असं एका सुरात म्हणालो. शेजारी काय समजले असतील देव जाणे. मग दुसरा विषय कुठला काढायचा ते सुचेना, म्हणून मी तिला छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे कसे जुळवायचे ते सांगायला लागलो. ती ऐकता ऐकता झोपली. वहिनी म्हणते, तुमच्या छापखान्याच्या गोष्टींनी कुणालाही झोप लागेल. पण पोर आता कडीपाशी एकदाच जाते, कधी कधी जात नाही. काल तिने माझी नक्कल करून दाखवली, चष्मा नाकावर ओढून. बरी जमली.

त्या समुपदेशकाला माझा नमस्कार सांग. त्याचं वय विचारू नकोस.

चिऊ म्हणते आहे की साक्षीच्या वेळी मला तिकडे जायचंय. मी नाही म्हटलं आहे. तू पण नाहीच म्हण. एकमत राहू दे, निदान एवढ्यावर.

सगळे आशीर्वाद, आणि त्यांच्या तळाशी तोच हट्ट.

तुझा,
दादा


१४ एप्रिल

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर समजून घ्या. तुमच्याकडे याहून वाईट हस्तलिखितं येत असतील असं ही म्हणते.

तुम्ही आमच्यासाठी नोकरी बघितलीत. ते मी विसरणार नाही. पण येत नाही. कारण सांगतो, म्हणजे हा नुसता ताठा वाटणार नाही.

या वस्तीत बहुतेक घरांची किल्ली कधी ना कधी माझ्या हातातून गेली आहे. लोक घराची किल्ली टेबलावर टाकतात, संध्याकाळी नेतो म्हणतात आणि जातात. कुणी मागे वळून बघत नाही. शेठला एक किल्ली दिली असती तर तो पुढच्या महिन्यात दुसरी मागायला आला असता आणि मी ती देत राहिलो असतो. आता पळून गेलो तर मागे जो कुणी दुकान घेईल त्याच्याकडे तो जाईल. म्हणून परवा दुकान उघडलं.

एकटा नव्हतो. मंडळींनी पाळ्या लावल्या आहेत. कुणी ना कुणी स्टुलावर बसलेलं असतं. पहिल्या दिवशी ड्रायव्हरबाई बसल्या. शटर मी वर करू शकलो नाही. म्हणजे ताकद नव्हती असं नाही, त्याला हात लावता येईना. न्हाव्याने आणि बाईंनी मिळून केलं. मी पाठ फिरवून उभा होतो. दुसऱ्या दिवशी तोंड करून उभा राहिलो.

शेठ समोरून दोनदा गेला. बाईंनी त्याला हाक मारून चहा घेणार का विचारलं. तो थांबला नाही.

लंबूची आई दुकानात आली होती. हिला मी त्याच दिवशी सांगितलं. ती बसली नाही. म्हणाली, मुलाला सोडा असं सांगायला आले नाही. त्याने हात धरला तेवढं सांगा आणि शटर कुणी खेचलं तेही सांगा. एवढंच. मी म्हटलं, मी जे झालं तेच सांगणार. ती म्हणाली की तिचा मुलगाही कोर्टात शेठचं नाव घ्यायला तयार आहे, पण आई शेठच्या आवाक्यात राहते म्हणून तोंड उघडत नाही.

चिऊला सांगा की बापाला आता डाव्या हाताने न सांडता चहा पिता येतो.

आपला स्नेह आहे म्हणून धीर आहे. तो असू द्यावा.

आपला,
मेहुणा


३ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

यांचं पत्र तू फ्रेम करून लावलंस असं वहिनीने कळवलं. ते ऐकून हे दिवसभर लाजत होते.

इथे गेल्या आठवड्यात एक गोष्ट झाली. लंबूच्या आईच्या खिडकीवर भर सकाळी दगड पडले. ती शिवणयंत्रावर बसलेली, काचा मांडीवर. पोरगा तोंड उघडणार अशी बातमी शेठपर्यंत गेली असणार. मंडळींनी त्याच दिवशी ठरवलं की तिला इथून हलवायचं. वकीलबाईंनी पोलिसांचं पाहिलं, खोली दुसऱ्या भागात एका निवृत्त नर्सने दिली. सामान बांधायला माणसं हवी होती. आणि पाळीवर कोण, तर मी.

मला वाटलं बाईंनी मुद्दाम केलं. त्या म्हणाल्या, मुद्दाम नाही, त्या वेळी मोकळी तूच होतीस, आणि नाही म्हणायला तू मोकळीच आहेस. मी नाही म्हणणारच होते. पण मला त्या काचा दिसायला लागल्या. यांना हॉस्पिटलात नेताना न्हाव्याशिवाय कुणी दार उघडून बाहेर आलं नव्हतं, ते आठवलं. गेले.

दोन खोल्या, दादा. धाकट्याचे कपडे घडी करून ठेवलेले. कप आणि बशा मी कागदात गुंडाळत होते आणि ती यंत्र पुसत होती. मग ती म्हणाली की धाकटा गेल्यावर थोरला सूड घ्यायचा म्हणून शेठकडे गेला. शेठने सांगितलं होतं, आधी आमचं काम कर, मग तुझं करू. ती थोरल्याला रोज जेवायला वाढायची आणि रोज परत ये म्हणायची. यावर मी तिला म्हटलं की मला तुमचं वाईट वाटतं, पण तुमच्या मुलाला मी माफ करू शकत नाही. ती म्हणाली, तुम्ही करावं असं मी कुठे म्हटलं. आणि सुतळी कुठाय विचारलं.

यंत्र फार जड होतं. मी एका बाजूने धरलं, तिने दुसऱ्या. टेम्पोत ठेवल्यावर ती पुढे ड्रायव्हरबाईंशेजारी बसली. टेम्पो कोण चालवत होतं हे तुला सांगायला नकोच. असा चालवला, जणू मागे पेशंट आहे.

साक्ष पुढच्या महिन्यात आहे. मला भीती वाटते, पण पूर्वीसारखी नाही, काम करता येण्याइतकी. चिऊला येऊ दे असं मला आता वाटतं. आपलं एकमत मी मोडते आहे, रागव हवं तर, पण लोभात काटछाट करू नकोस.

तुझी,
भिंगरी


१२ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

चिऊला घेऊन येतो आहे. मीही राहणार आहे. तुमच्या पाळ्यांमध्ये माझं नाव घाला, वकीलबाईंना सांगा की माणूस वयस्कर आहे पण स्टुलावर बसू शकतो. यावर चर्चा नको.

भेटीत बाकीचं. तोवर आहे तो जीव सांभाळा.

तुझा,
दादा


२१ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही गेल्यापासून दुकानात स्टुलावर कुणीही बसलं की गिऱ्हाईक विचारतं, सायकलीसाठी गोदामाला लावायचं मोठं कुलूप विकणारे ते काका गेले का. त्या सायकलवाल्याला ते कुलूप आवडलं आहे, परत करायला तयार नाही. तू बसलास त्या दिवसांत विक्री कमी झाली आणि गर्दी वाढली असं यांचं म्हणणं.

निकाल परवा लागला. तू साक्षीला होतास, त्यामुळे ते सगळं पुन्हा लिहीत नाही. हे उभे राहिले तेव्हा मागचे दोन्ही बाक आपल्या माणसांनी भरले होते आणि शेठच्या वकिलाने आवाज चढवला की सगळ्यांत मोठ्याने घसा तूच खाकरायचास, एवढं मात्र मी सगळ्यांना सांगत असते. लंबूने शेठचं नाव घेतलं तेव्हा तो आईकडे बघत होता हे तू बघितलंस का, मला माहीत नाही. मी बघितलं. शेठला मोठी शिक्षा झाली. लंबूला कमी, पण झाली. मला ती कमी वाटली आणि यांना पुरेशी वाटली. त्यावर आमचं भांडणही झालं, नेहमीसारखं, चहा गार होईपर्यंत.

यांची दोन बोटं आता वळणार नाहीत असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. किल्ली कातायला ती लागतात. म्हणून यंत्रावर मी बसते आणि हे शेजारी उभं राहून मला शिकवतात. शिकवताना इतके चिडतात की मला लाल पेनाची आठवण येते. पहिल्या कितीतरी किल्ल्या भंगारात गेल्या. चिऊ म्हणाली होती की मी शिकते, कॉलेज सोडते. तिला म्हटलं, मामांकडे कॉलेज आहे, तिथेच राहा, आता पळून नाही, शिकायला म्हणून राहा. ती विचार करून हो म्हणाली. तेव्हा ती तुमच्याकडे आहे ती तिच्या मर्जीने, हे लक्षात ठेवून तिच्याशी बोलत जा.

आज दुपारी लंबूची आई आली होती. तिच्या नव्या खोलीच्या किल्लीची जोड हवी होती. एक तिच्यासाठी आहेच, दुसरी मुलगा सुटून येईल तेव्हासाठी. तिने हे सरळ सांगितलं, लपवलं नाही. दुकानात ड्रायव्हरबाई होत्या, हे होते. हे यंत्राकडे आले आणि मग स्वतःच्या हाताकडे बघून थांबले.

मी बसले. दादा, खरं सांगते, तो पोरगा माझ्यासमोर आला तर मी त्याच्याशी बोलेन की नाही मला अजून माहीत नाही. पण आई त्याची दाराशी वाट बघत बसावी आणि त्याच्या खिशातली किल्ली लागू नये, असंही मला वाटेना. पहिल्यांदा दात जास्त कापला गेला, ती टाकली. दुसरी कातली, कानशीने घासली. आपल्याकडे तपासायला तिचं दार नव्हतं, म्हणून यांनी दोन्ही किल्ल्या एकावर एक ठेवून उजेडात धरल्या. बराच वेळ बघितल्या. मग मान डोलावली आणि त्या तिच्या हातात ठेवल्या.

ती म्हणाली, लागली नाही तर परत येईन. मी म्हटलं, लागेल.

वहिनीला आणि चिऊला जवळ घे. तुझी माया इथपर्यंत पोचते, ती अशीच येत राहो, आणि जमेल तेव्हा तूही.

तुझी,
भिंगरी